केळीच्या रायपनिंगमधली केमिस्ट्री

बारावीच्या पोरांना कोव्हॅलंट बाँड (अणू इलेक्ट्रॉन शेअर करून जोडले जातात तो) शिकवताना मी सरळ केळीवर येतो, रावेर-यावलकडच्या (जळगावच्या केळीपट्ट्यातल्या) पोरांना रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची बंद खोली, काही नवीन नाही. तिथं सोडतात तो इथिलीन गॅस, त्यात दोन कार्बनमध्ये डबल बाँड, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या शेअर, एक सिग्मा (समोरासमोर जुळलेला) अन् एक पाय (π, बाजूबाजूनं जुळलेला). इथेनमध्ये कार्बन-कार्बन सिंगल बाँड, म्हणजे नुसता सिग्मा. आणि ते फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाईडच्या पुड्या ठेवतात ना (बंदी आहे, तरी काही लोक सुधरत नाहीत), त्याला ओल लागली की ॲसिटिलीन निघतो, त्यात ट्रिपल, एक सिग्मा दोन पाय. जोड्या वाढल्या की कार्बन जवळ येतात, सिंगलच्या १५४ पिकोमीटरवरून (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग) डबलला १३४, मग ट्रिपलला १२०. ताकद पण वाढते, पण डबल म्हणजे दुप्पट असं नाही भो, सिंगल साधारण ३४७ किलोज्यूल प्रति मोल अन् डबल ६१४ च्या आसपास, कारण पाय बाँडमध्ये ऑर्बिटलचं (इलेक्ट्रॉनच्या जागांचं) ओव्हरलॅप बाजूबाजूनं होतं, म्हणून तो कच्चा, रिॲक्शनमध्ये आधी तोच तुटतो.

कोऑर्डिनेट बाँडला (जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकच अणू देतो तो) पोरं उगाच घाबरतात. अमोनियम आयनमध्ये (NH₄⁺, अमोनियाला एक H⁺ जोडला की होतो तो) नव्या बाँडचे दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनच देतो, बस एवढंच, आणि एकदा जमलं की चारही बाँड सारखेच, नवीन कुठला ते ओळखताच येत नाही.