साडेसात आठवडे आणि नवा चेहरा

खिशात भारतीय पासपोर्ट आणि तरी मी इथे खासदार निवडतो, हे पुण्यातल्या मित्रांना अजून खरं वाटत नाही. न्यूझीलंडमध्ये कायमचा रहिवासी व्हिसा असला आणि सलग वर्षभर राहणं झालेलं असलं की मताचा हक्क मिळतो. मतंही दोन, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. सरकार कोणाचं, हे ठरतं पक्षाच्या मतावरून.

यामुळेच 2017 ची निवडणूक ऑकलंडमधल्या आम्हा मराठी मंडळींनी अगदी घरची असल्यासारखी चघळली. विरोधात बसलेल्या लेबर पक्षाचे नेते होते अँड्र्यू लिटल. माणूस सरळ, पण सभेत रंग भरत नसे. जुलैअखेर एका टीव्ही वाहिनीच्या जनमत चाचणीत लेबर 24 टक्क्यांवर घसरला. लिटल यांनी टीव्हीवर कबूल केलं की आपण पद सोडायची तयारी दाखवली होती. झालं, नेत्याने असं जाहीर बोलून दाखवल्यावर मागे काय उरतं? 1 ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी खासदारांनी 37 वर्षांच्या जसिंडा आर्डर्न यांना बिनविरोध निवडलं. मतदान होतं 23 सप्टेंबरला.

एरवी या पक्षात नेता निवडताना सदस्य आणि कामगार संघटनांचीही मतं मोजली जात. लिटल स्वतः 2014 मध्ये संघटनांच्या मतांवर निसटते जिंकले होते. पण निवडणूक तीन महिन्यांच्या आत असेल तर खासदारांनीच ठरवायचं, असा नियम होता, म्हणून सगळं एका दिवसात उरकलं.

मग सुरू झाली धांदल. जुन्या फलकांवर लिटल आणि आर्डर्न शेजारी शेजारी होते, ते बदलावे लागले. ‘लेट्स डू धिस’ ही नवी घोषणा आली. ऑगस्टअखेर त्याच वाहिनीच्या चाचणीत लेबर 43 आणि सत्ताधारी नॅशनल 41!

ऐन गणपतीतली ही गोष्ट. प्रसादाच्या रांगेतही हाच विषय, पण उत्साह सरसकट नव्हता. लेबरच्या जाहीरनाम्यात स्थलांतरितांची संख्या वर्षाला वीस-तीस हजारांनी कमी करायचं वचन होतं आणि त्याचा मोठा भार विद्यार्थी व्हिसावर पडणार होता. ज्यांचे भाचे-पुतणे इथे शिकत होते ते म्हणायचे, बाई गोड बोलते, पण धोरण लिटलचंच आहे की. मला ते पटायचं. चेहरा बदलला होता, जाहीरनामा फारसा नाही.

आणि ही मतं आली कुठून? बऱ्याच जणांची समजूत अशी की आर्डर्न यांनी नॅशनलचे मतदार फोडले. आकडे तसं सांगत नाहीत. जुलैच्या चाचणीत नॅशनल 47 वर होता, प्रत्यक्ष निकालात 44.4. त्याच चाचणीत ग्रीन पक्ष 15 वर होता, तो 6.3 वर आला. त्यांच्या सहनेत्या मेटिरिया टुरेई यांनी तरुणपणी सरकारी भत्ता घेताना खोटी माहिती दिल्याचं सांगितलं आणि गदारोळानंतर पद सोडलं. न्यूझीलंड फर्स्ट हा पक्षही 11 वरून 7.2 वर घसरला. म्हणजे विरोधकांची विखुरलेली मतंच मुख्यतः एका चेहऱ्याभोवती गोळा झाली. लेबरला 36.9 टक्के मिळाले, नॅशनलच मोठा पक्ष ठरला. पण बहुमत कोणालाच नव्हतं. 19 ऑक्टोबरला न्यूझीलंड फर्स्टचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी लेबरला कौल दिला आणि आर्डर्न पंतप्रधान झाल्या. विरोधात बसलेल्या पक्षाला नवा चेहरा फळतो, तो असा.

सत्तेतल्या पक्षाचं तसं नसतं. जानेवारी 2023 मध्ये आर्डर्न पायउतार झाल्या आणि क्रिस हिपकिन्स आले. पहिल्याच चाचणीत लेबर 38, नॅशनल 37. मंडळी म्हणाली, बघा, पुन्हा तीच जादू. पण मार्चपर्यंत खाद्यपदार्थ वर्षभरात 12.1 टक्क्यांनी महागले होते, आणि फ्लॉवर-टोमॅटो घेताना पंतप्रधान जुने की नवे हे कोण बघतो! ऑक्टोबरमध्ये लेबर 26.9 टक्क्यांवर आपटला. गंमत अशी की या वेळी पक्षाने नेता बदललाच नाही. हरलेले हिपकिन्सच विरोधी पक्षनेते म्हणून कायम राहिले.