घाटात आलेला जळक्या रबराचा वास

आज साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत होतो आणि गाडीत जळक्या रबराचा वास यायला लागला. घाटात असा वास आला की सगळे आधी क्लचलाच दोष देतात. पण वर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये उभी केली तरी वास होताच, एसी लावला की जास्तच. चाकांजवळ हात नेऊन पाहिला, एकही तापलेलं नव्हतं. म्हणजे ब्रेक चिकटलेले नव्हते. इंजिन बंद करून बॉनेट उघडलं तर फॅन बेल्टभोवती काळा भुगा, बेल्टच्या कडेचे दोरे सुटलेले.

एसी बंद ठेवून हळूहळू सुरूरला आलो. मिस्त्रींनी बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवून दाखवली. बाकीच्या अलगद फिरल्या, आयडलर पुली, म्हणजे बेल्टला वाटेत नुसता आधार देणारी चकती, मात्र अडकत होती. बेअरिंग गेलेलं, बेल्ट तिच्यावर नुसता घासत होता. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार पडला की आणखी घासायचा. "नुसता बेल्ट टाकला तर तोही जळेल," हे त्यांनी आपणहून सांगितलं. फार बरं वाटलं. दोन्ही बदलून घेतलं.

हाच बेल्ट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, माझ्या गाडीत इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंपही. घाटात तुटला असता तर इंजिन तापलं असतं, आणि मागे मुलं झोपलेली. असा वास आला तर काचा खाली करून दामटू नका, गाडी बाजूला घ्या आणि बॉनेट उघडून बघा.