अडवायचे किती आणि दिसू द्यायचे किती

प्रकाशिकी शिकत असताना माझी अशी ठाम समजूत होती की लेसरपासून संरक्षण देणाऱ्या चष्म्याचा प्रकाशीय घनतेचा आकडा (काच किरण किती पटींनी अडवते याचे माप) जितका मोठा, तितका तो चष्मा चांगला. सैनिकाच्या चष्म्याचा विचार करू लागल्यावर ती समजूत टिकली नाही, कारण ज्या काचेतून संधिप्रकाशात पायवाटही नीट दिसत नाही, ती काच सैनिक कपाळावर सरकवणार हे उघड आहे.

लक्ष्याचे अंतर लेसरने मोजणाऱ्या लष्करी अंतरमापकांत दीर्घकाळ वापरला गेलेला निओडिमियम लेसर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. तो दिसत नाही, तरीही डोळ्यातले भिंग त्याला दृष्टिपटलावर एकवटते आणि तिथे त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढते. त्याचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एक झोत, काही नॅनोसेकंदांत संपतो. पापणीला मिटायला पाव सेकंद लागतो, आणि जे दिसलेच नाही त्यासाठी ती मिटणार तरी कशी? सुदैवाने पॉलिकार्बोनेट या चष्म्याच्या प्लास्टिकमध्ये योग्य रंजक (ठरावीक तरंगलांबी शोषणारे द्रव्य) मिसळून हा किरण रोखता येतो आणि दृश्य प्रकाश बराचसा शाबूत राहतो. घनता ४ असली की दहा हजारांतला एकच भाग पार होतो.

खरी पंचाईत त्याच लेसरची वारंवारता दुप्पट करून मिळणाऱ्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या किरणाची आहे. डोळा उजेडात ५५५ आणि अंधारात ५०७ नॅनोमीटरजवळ सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणजे अडवायचा रंग नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. रंजक आजूबाजूचा हिरवाही गिळतो. अनेक पातळ थरांचा परावर्तक लेप अरुंद पट्टाच अडवतो खरा, पण किरण तिरका आला की तो पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो, आणि युद्धभूमीवर किरण समोरूनच येईल याची हमी कोण देणार? म्हणून रंजक आणि लेप यांची सांगड घालावी लागते.

(डोळे कायमचे आंधळे करण्यासाठीच बनवलेल्या लेसर शस्त्रांवर १९९५च्या आंतरराष्ट्रीय करारपत्राने बंदी घातली, अंतरमापकासारख्या साधनांच्या वैध लष्करी वापरातून ओघाने होणारी इजा मात्र त्या बंदीबाहेर आहे.)

तरंगलांबी बदलता येणाऱ्या लेसरपुढे हे ठरावीक पट्टे अपुरे पडतात. तीव्र प्रकाश पडताच आपोआप अपारदर्शक होणारी फुलरिनसारखी (कार्बनच्या पोकळ, पिंजऱ्यासारख्या रेणूंची) द्रव्ये त्यावर सुचवली जातात, परंतु त्यांना जागे करण्याइतकी तीव्रता बहुधा प्रकाश एकवटल्यावरच मिळते. दुर्बिणीच्या आत तसा केंद्रबिंदू असतो. साध्या चष्म्यात तो थेट दृष्टिपटलावर असतो.