ईस्टरच्या फांदीसाठी पोकळ अंडी

ईस्टरला उकडलेली अंडी रंगवण्याची रीत आमच्या घरी आईपासून चालत आली आहे; परंतु सोलापूरच्या एप्रिलमधील उन्हाळ्यात सकाळच्या उपासनेनंतर वाटलेली अंडी दुपारपर्यंतही खाण्याजोगी राहत नाहीत आणि शोभेसाठी ठेवावीत तर त्यांना वास सुटतो. म्हणून २० एप्रिल २०२५ च्या ईस्टरसाठी आतला बलक काढून नुसती कवचे रंगवावीत आणि जर्मनीत टांगतात तशी ती फांदीला टांगावीत, असे मी ठरवले. अंड्याच्या कवचाला येशूच्या बंद कबरेचे प्रतीक मानण्याची ख्रिस्ती परंपरा जुनी आहे आणि ईस्टरला ती कबर रिकामी आढळली, असे आम्ही मानतो. ते कवच रिकामे असावे, हे मला या सणाला अधिकच साजेसे वाटते.

रंगासाठी कांद्याची टरफले वापरली. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची एवढी मोठी आवक असते की पिशवीभर टरफले मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. ती अर्धा तास उकळून गाळली की तांबूस तपकिरी पाणी मिळते. पहिल्या दिवशी मी आधी अंडी पोकळ केली आणि मग त्या पाण्यात सोडली, तर ती हलकी असल्यामुळे तरंगत राहिली आणि वरची बाजू पांढरीच राहिली. दुसऱ्या खेपेस क्रम उलटा केला. कच्ची, भरलेली अंडी गार झालेल्या रंगात घातली, ती बुडाली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर चोहोबाजूंनी सारखी रंगली. रंग धरावा म्हणून दोन कप पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर पुरते. एका भांड्यात मी ते अंदाजाने बरेच जास्त ओतले होते. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने आम्लात ते विरघळू लागले आणि अंडी पुसताना रंगाचा थर कापडावर उतरला.

खरी कसोटी छिद्रे पाडताना लागते. निमुळत्या टोकाला टाचणीने बारीक छिद्र करावे आणि बोथट टोकाला, जिथे आत हवेची पोकळी असते, दाभणाने थोडे मोठे. दाभण दाबायचे नाही, बोटांत हलके फिरवायचे. माझी पहिली चार अंडी दाबल्यामुळेच तडकली. मग तार आत घालून बलक फोडावा, कारण अखंड बलक छिद्रात अडकतो आणि त्यानंतर कितीही जोर लावला तरी कवचच फुटते. कच्च्या अंड्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून तोंडाने फुंकण्याऐवजी सुई काढलेल्या सिरिंजने वरच्या छिद्रातून हवा सोडली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आमच्याकडे अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे रोज सहाच अंडी रिकामी करायची आणि आतला ऐवज लगेच शेजारच्या काकूंकडे पोहोचवायचा, असे ठरले होते. त्यांच्याकडे चार दिवस रात्रीच्या जेवणात बुर्जी होती.

आतून धुण्याचा आळस मात्र मुळीच करू नये. पहिली दोन कवचे मी तशीच ठेवली आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागलेली दिसली. त्यानंतर प्रत्येक कवचात सिरिंजने पाणी भरून ते हलवून तीन वेळा ओतले आणि मोठे छिद्र खाली करून ती गच्चीवर सावलीत ठेवली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती एका दुपारीत वाळतात.

टांगण्यासाठी ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यातून चादरीचे उरलेले लाल आणि पिवळे सूत आणले. आगपेटीच्या काडीचा अर्धा तुकडा सुताच्या टोकाला मधोमध बांधून मोठ्या छिद्रातून उभा आत सोडायचा आणि सूत हळूच ओढायचे. काडी आत आडवी होते आणि अंडे पक्के लटकते. शनिवारी संध्याकाळी कडुनिंबाची वाळलेली फांदी पितळी कळशीत वाळू भरून रोवली आणि सतरा अंडी टांगली. पंख्याच्या वाऱ्याने ती एकमेकांवर आपटू लागली, तेव्हा सूत आखूड केले आणि कळशी खिडकीशेजारच्या कोपऱ्यात, वारा पोहोचत नाही अशा जागी, सरकवली.