खाट परत आली पाहिजे

नाशकातल्या कुठल्याही उपनगरात चौकशी करा, रुग्णसाहित्य उसनं देणारं एखादं मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा छोटा ट्रस्ट सापडतोच. सुरुवात सगळीकडे सारखी असते: कुणाच्या तरी स्मरणार्थ आलेल्या दोन व्हीलचेअर, चार-सहा वॉकर, एक खाट, फीत कापतानाचा फोटो. दोन-तीन वर्षांनी त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जा. कोपऱ्यात एकच फूटरेस्ट असलेली व्हीलचेअर, बूच झिजलेले वॉकर आणि रजिस्टरमध्ये "दिली" असं लिहिलेल्या, पण परत न आलेल्या वस्तूंची पानं. पैसे नाहीत म्हणून केंद्र बंद पडल्याचं क्वचित दिसतं. वस्तू वेळेवर परत येत नाहीत आणि आलेल्या दुरुस्त होत नाहीत, म्हणून ते थंडावतं.

हिशेब करून बघा. एक खाट सरासरी दोन महिने एका घरी राहिली तर वर्षात सहा घरांना पुरते. तीच प्रत्येक घरी गरज संपल्यावर आणखी दोन महिने पडून राहिली, तर तीनच घरांना. म्हणजे वेळेवर परत आणण्याची व्यवस्था लावणं हे नवी खाट विकत घेण्याइतकंच मोलाचं, आणि त्याला देणगीदार शोधावा लागत नाही.

अनामत इथे कामाला येते. ती फार कमी ठेवली तर वस्तू परत करायची घाई कुणालाच नसते, फार जास्त ठेवली तर ज्याला खरी गरज आहे तोच दारातून मागे फिरतो. वस्तूच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासची रक्कम बहुतेक वेळा चालते. तीही परवडत नसेल तर पैसे माफ करून हमीदार घ्यावा: आशा सेविका, शाळेतले शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, ओळखीचा किराणा दुकानदार. पुढे फोन करायला एक जास्तीचा माणूस मिळतो, हा त्याचा खरा उपयोग. अनामत हे केंद्राचं उत्पन्न नव्हे, ती लोकांची परत द्यायची रक्कम आहे. तिचं बँक खातं वेगळं ठेवा. चालू खर्चाच्या खात्यात ती मिसळली की टायर-ट्यूब त्यातून येतात, मग एके दिवशी तिघे जण एकदम वस्तू परत करायला येतात आणि द्यायला पैसे नसतात. त्या तिघांच्या गल्लीतून पुढे कुणी देणगी देत नाही.

रजिस्टरमध्ये नाव, पत्ता आणि मोबाईल एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या नातेवाइकाचा नंबर हवा, शक्यतो वेगळ्या घरात राहणाऱ्याचा. प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा आणि तो स्टिकरवर नको, स्टिकर पहिल्याच धुण्यात निघतो. सांगाड्यावर पंच करा किंवा ऑइलपेंटने लिहा. सुटे होणारे भाग वेगळे नोंदवा: फूटरेस्ट दोन, कमोडचं भांडं एक, झाकण एक, खाटेचं हँडल, बोल्ट किती. देताना मोबाईलवर एक फोटो काढून घेतला तर परत घेताना "हे असंच होतं" हा वाद उद्भवत नाही. आधारची प्रत घ्यायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेली घ्या. लोकांच्या आधारच्या झेरॉक्स खोलीत गठ्ठ्याने पडलेल्या असणं बरं नव्हे.

मुदत एक महिन्याची द्या आणि फोनवर वाढवून देत जा. मांडीचं हाड मोडलेल्या आजींना वॉकर तीन महिने लागणार हे पहिल्याच दिवशी माहीत असतं, तरीही मुदत महिन्याचीच. त्या फोनमुळे वस्तू घरात आहे की गच्चीवर पावसात गंजते आहे, हे कळतं.

सगळ्यात नाजूक फोन असतो तो रुग्ण गेल्यानंतरचा. तेराव्याच्या आत साहित्याचा विषय काढू नये. मात्र महिना-दीड महिना उलटू दिला तर खाट एक तर गच्चीवर जाते, नाहीतर घरचे ती परस्पर शेजारच्या गरजूला देऊन टाकतात. हेतू चांगला असतो, पण नोंद तिथेच तुटते, आणि त्या शेजाऱ्याने आणखी कुणाला दिली की वस्तू हातची गेली. तेराव्यानंतरच्या आठवड्यात कार्यकर्त्याने फोन करावा आणि वाक्य असं असावं: "काका, तुम्हाला आणून द्यायची धावपळ नको, आम्हीच टेम्पो पाठवतो, कधी सोयीचं पडेल?" माणूस गेलेल्या घरात ती खाट डोळ्यांसमोर नकोशी झालेली असते. पण ती उचलून खाली आणायला चार हात लागतात आणि ते मागायला लोक कचरतात. टेम्पोभाडं केंद्राने सोसलं तरी परवडतं.

आता एकेक वस्तू. व्हीलचेअर घरी पाठवण्याआधी विचारायचा प्रश्न बाथरूमच्या दरवाजाचा. अठरा इंच सीटची साधी घडीची खुर्ची चाकांसकट पंचवीस इंचांच्या आसपास भरते, दोन फुटी दरवाजातून ती जात नाही. अशा घरी लहान चाकांची कमोड खुर्ची द्या. तक्रार बहुधा ब्रेकची येते आणि दोष बहुधा हवेचा निघतो. या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबला जातो, त्यामुळे हवा कमी झाली की दांडा टायरपर्यंत नीट पोचत नाही. रुग्ण उठायला जातो, खुर्ची मागे सरकते आणि पडणं ठरलेलं. म्हणून खुर्ची देताना दोन्ही चाकांत हवा भरून, ब्रेक लावून, ढकलून बघायचंच. ज्या केंद्रात हवा भरायला माणूस नाही त्यांनी भरीव टायरच्या खुर्च्या घ्याव्यात, जरा जड आणि खडबडीत चालतात, पण पंक्चरची भानगड नाही. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस आणि साडीचे दोरे गुंडाळले जातात, ते ब्लेडने कापून काढले की "खुर्ची एकीकडे ओढते" ही तक्रार बऱ्याचदा मिटते. सीटचं रेक्झिन सैल पडून झोळ आला असेल तर रुग्ण पुढे घसरतो. ते बदलायला गाडीची सीट कव्हरं शिवणारा कारागीर पुरतो.

वॉकरची मूठ उभ्या माणसाच्या मनगटावरच्या रेषेच्या पातळीला यावी, कोपर किंचित वाकलेलं राहावं. चारही पायांची बटणं एकाच भोकात बसली आहेत ना, हे बोट लावून तपासा. एक पाय एका भोकाने लहान राहिला तर वॉकर डुगडुगतो आणि आजोबा तो कायमचा सोडून भिंत धरून चालायला लागतात. रबरी बूच आतून झिजून नळी बाहेर आली की ओल्या फरशीवर वॉकर सरळ घसरतो. बुचांची पिशवी कायम भरलेली ठेवा. देणगीदाराला हे "कार्य" वाटत नाही, पण केंद्रात त्यासारखा स्वस्त खर्च दुसरा नाही. कुबडी काखेत टेकवायची नसते. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचं अंतर आणि भार हातांवर, हे प्रत्येकाला करून दाखवावं लागतं.

खाट सुमारे साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. छोट्या हत्तीत आरामात बसते, प्रश्न जिन्याचा येतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे लाकडी जिने आणि सिडकोतली मजल्यावर मजला चढवलेली घरं, दोन्हीकडे वळणावर खाट अडते. निघण्याआधी जिन्याच्या वळणाचा फोटो मागवा. खाट चढणारच नसेल तर हट्ट सोडा: घरच्या दिवाणावर पंपाने फुगणारा एअर बेड आणि पाठीला टेकायचा तिरपा बॅकरेस्ट एवढ्यावर पुष्कळ रुग्णांचं भागतं. एक हँडलची खाट फक्त पाठ उचलते, दोन हँडलची गुडघेही. पाठ उचलल्यावर रुग्ण खाली घसरत असेल तर दोन हँडलची लागते. हँडलच्या स्क्रूला वर्षातून दोनदा ग्रीस लावा, नाहीतर घरचे ते जोर लावून फिरवतात आणि आटे जातात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग आणि पावडर कोटिंगची कामं करणारे एवढे लोक आहेत की यातलं बहुतेक कुणी ना कुणी मजुरी न घेता करून देतो. फक्त विचारायला जावं लागतं.

गादीचं मात्र माझं मत ठाम आहे: फोम ओला झालेली गादी पुन्हा कुणाला देऊ नये. वरून पुसून ती स्वच्छ होत नाही. शिवणी सीलबंद असलेलं कव्हर असेल तरच गादी फिरवा, नाहीतर खाट केंद्राची आणि गादी घरची.

एअर बेडचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, एक फेरी साधारण दहा-बारा मिनिटांची. तो नेहमीच्या गादीवर अंथरायचा, वर एकच पातळ चादर. वर गोधडी घातली की उपयोग संपला. सेफ्टी पिन आणि सलाइनची सुई हे त्याचे शत्रू. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवलं तर पडून राहिल्याने जखम होतेच, दर दोन तासांनी वळवायचं हे घरच्यांना देतानाच सांगा.

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे कॉन्सन्ट्रेटर २०२१च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक संस्थांकडे आले आणि आता कपाटात आहेत. हे यंत्र न वापरता खराब होतं: आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) हवेतला ओलावा धरतो आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरते. नव्यासारखं यंत्र ९३ टक्क्यांच्या आसपास देतं. महिन्यातून एकदा काही तास चालवा आणि मोजणी यंत्राने शुद्धता बघा. नुसता हवेचा फुसफुसाट येतो म्हणजे ऑक्सिजन येतो, असं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. भिंतीपासून फूटभर दूर, जवळ देवघरातला दिवा किंवा उदबत्ती नको, यंत्राच्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, बाहेरची जाळी दर आठवड्याला धुवायची. वीज गेली की यंत्र बंद, म्हणून सोबत लहान सिलिंडर हवा. सुमारे पंधराशे लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. त्याच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस चुकूनही लावू नये, पेट घेतो.

वस्तू परत आली की आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, मग निर्जंतुक करायची. बाजारातलं पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग म्हणजे एक टक्क्याचं द्रावण होतं. दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसून घ्या, नाहीतर लोखंड गंजतं आणि रेक्झिन तडकतं. हे द्रावण अॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. नेब्युलायझरचा मास्क, नाकातली नळी आणि युरिन पॉट पुन्हा द्यायचे नाहीत, ते घरच्यांनी नवे घ्यावेत.

खोली निवडताना तळमजला हवाच, खाट वर-खाली कोण करणार. पण सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीतला नदीकाठ या भागात तळमजला असेल तर गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की कॉन्सन्ट्रेटर आणि एअर बेडचे पंप आधी वर हलवा. २००८, २०१६ आणि २०१९ला गोदावरी बाजारात शिरली होती. नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागेपर्यंत थांबलात तर उशीर होतो. येत्या २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी टेम्पो आत सोडणार नाहीत, हेही आत्ताच धरून चाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०खाली नोंदणी, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ऑडिट. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा असेल तर सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि कंपन्या यंत्र देतात, यंत्राची दुरुस्ती देत नाहीत. देणगीदारांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: आयकरातली सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) वस्तूच्या देणगीवर मिळत नाही, आणि रोख दोन हजारांच्या वर दिली तरीही नाही. "आई-बाबांच्या स्मरणार्थ" सहावी व्हीलचेअर देऊ करणाऱ्याला नम्रपणे विचारावं की त्याच पैशात वर्षभराचे टायर, बुचं आणि टेम्पोभाडं चालेल का. फलक हवा असेल तर तो खोलीच्या दारावर लावा.

सगळ्यांनाच साहित्य उसनं द्यायचं नसतं. कायमचं अपंगत्व असलेल्या माणसाला उसनी, दुसऱ्याच्या मापाची खुर्ची देऊन त्याचं भलं होत नाही. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढायला मदत करा, केंद्र सरकारच्या अॅडिप योजनेतून त्याला स्वतःची खुर्ची मिळू शकते. पासष्ट वर्षांवरच्या, वार्षिक दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच तीन हजार रुपये मिळतात. चष्मा, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा यासाठी तेवढे पुरतात. खाट न्यायला आलेला मुलगा हमखास दवाखान्याच्या बिलाबद्दलही विचारतो. त्याला सांगा की धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं, आणि भरती होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन गेलं तर फार काही हाती लागत नाही.

वर्षातून एकदा सगळा साठा बाहेर काढून रजिस्टरशी ताडून बघा, मार्चअखेरीस, म्हणजे ऑडिटलाही सोपं जातं. ज्या खुर्चीचा मधला कैचीचा सांधा चिरला आहे ती वेल्डिंग करून पुन्हा देऊ नका, भाराखाली पुन्हा तिथेच सुटते. चाकं, ब्रेक, हातटेकण्या काढून ठेवा, त्यातून दुसऱ्या दोन खुर्च्या उभ्या राहतात. सांगाडा भंगारात द्या, बैठकीत ठराव घ्या आणि तो क्रमांक रजिस्टरमध्ये लाल शाईने खोडून भंगाराची पावती त्याच पानाला टाचा.