चुना कुठला, ते विचारायचं राहिलं

जुलैत एका सकाळी दुकान उघडतोय तोच एक पोरगा समोर येऊन उभा राहिला. आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतला, बावीस-तेवीस वर्षांचा. हातात कापडी पिशवी. "काका, पाखरं भाजली ओ," एवढंच म्हणाला आणि पिशवीचं तोंड उघडलं. आत कबुतराची मादी होती, राखी रंगाची. तळपाय लालभडक, बोटांच्या बेचक्यातली कातडी सोललेली, डोळे चिकटून बंद. आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडूनच एक पोतं नेलं होतं. बिल माझ्याच हातचं: 'चुना, १ पोतं'.

वडिलांपासून आमचं चुना, सिमेंट, रंगाचं दुकान आहे. बाहेरच्या माणसाला चुना म्हणजे एकच वस्तू वाटते. आमच्याकडे गुऱ्हाळवाला चुना मागतो, रंगारी मागतो, शेततळ्यात मासे सोडणारा मागतो, आणि प्रत्येकाला हवं असतं ते वेगळं. कळीचा चुना म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी. एक किलो कळी साधारण ३२० ग्रॅम पाणी पिते आणि पिताना इतकी तापते की लागून असलेलं वाळकं गवत पेटू शकतं. वडील हौदात कळी विरवायचे तेव्हा आम्हा पोरांना दहा हात लांब उभं करायचे. ही कळी बेतानं पाणी मारून विरवली की तिची कोरडी भुकटी होते, ती पोत्यात भरून येते ती 'हायड्रेटेड लाइम'. तिनं आपल्या वाटणीचं पाणी आधीच पिऊन घेतलेलं असतं. ओल ओढायची ताकद तिच्यात फारशी उरत नाही, भाजायची मात्र उरते. आणि तिसरी, न भाजलेली चुनखडी नुसती दळून केलेली पूड. ती कोंबड्यांच्या खाद्यातसुद्धा घालतात. गिऱ्हाईक तिन्हींना 'चुना पावडर' म्हणतं. त्याचं एक वेळ ठीक आहे. पण पोती भरणारेही कित्येकदा वर ठळक अक्षरांत तेवढंच छापतात आणि खरी ओळख खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजीत टाकतात, याची मला वर्षानुवर्षं चीड आहे.

त्या पोराची ढाबळ, म्हणजे कबुतरांची खोली, पावसात ओली राहायची. कुणीतरी सांगितलं, चुना मार, सगळं कोरडं होतंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पांढरी भुकटी पसरली की जागा स्वच्छ झाली, हे आपल्याकडं लोकांच्या मनात पक्कं बसलंय. यानं बोटभर जाडीचा थर दिला, ओल्या विष्ठेवरच. पिल्लांच्या गाडग्यांतही दोन-दोन मुठी टाकल्या. पाऊस तिरका येत होता म्हणून झरोक्यांना पोती लावून बंद केले. "पहाटं दार उघडलं तर मुतारीसारखा वास. डोळ्यातनं पाणीच आलं," तो सांगत होता. तसंच होणार. कबुतराच्या ओल्या विष्ठेत अमोनिया तयार होत असतोच, आणि यानं नेलेला विरलेला चुना, म्हणजे हायड्रेटेड लाइम, त्याला वायू करून बाहेर काढतो. बंद खोलीत रात्रभर पाखरांनी तेच हुंगलं. खाली ओला चुना, वर तो वास. उघड्या पोटाची दोन पिल्लं गाडग्यातच मेली.

मी डॉक्टर नाही, पण चुना अंगावर उडाला तर काय करायचं हे आमच्या घरात पाठ आहे. आधी कोरडा चुना झाडायचा, मग पाणी. रंगाचा एक इंची नवा ब्रश फोडला, मादीच्या पिसांतली भुकटी हलक्या हातानं झाडली. पाय कोमट पाण्यात बुडवून धरले. डोळ्यांवर चमच्यानं स्वच्छ पाणी सोडत राहिलो, पंधरा-वीस मिनिटं. पोरगा तिला दोन्ही हातांत धरून होता आणि त्याचे हात थरथरत होते. मग त्याला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. दुकानातला पोरगा मागून म्हणाला, "त्यानं चुना मागितला, आपण चुना दिला." हिशेबानं त्याचं बरोबर आहे. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. रंगाऱ्याला मी दहा प्रश्न विचारतो, भिंत जुनी का नवी, आधी डिस्टेंपर होता का. या पोराला एक विचारला नाही.

दुपारी तो परत आला तेव्हा त्याला काउंटरवर दाखवलं. दोन बशा घेतल्या. एकीत त्याच्या पोत्यातली चिमूट, दुसरीत खाद्याच्या दुकानातून मागवलेली चुनखडीची पूड. दोन्हींत थोडं पाणी आणि चिमूटभर हळद. पहिली बशी बघता बघता लाल झाली, कुंकवासारखी. दुसरी पिवळीच राहिली, फार तर कडेला जरा नारिंगी. मग दुसऱ्या बशीत लिंबू पिळलं, पूड फसफसली. जी हळदीला लाल करते ती पाखरांच्या पायाखाली नको. जी पिवळी राहते आणि लिंबानं फसफसते ती चालेल, तीही विष्ठा खरवडून काढल्यावर, पातळ भुरभुरून, धुरळा बसेपर्यंत पाखरं बाहेर ठेवून. रांगोळी स्वस्त पडते म्हणून काहीजण तीच टाकतात. पण ती कुठल्या दगडाची आहे ते पोत्यावर नसतं, आणि दगडाची बारीक धूळ पाखराच्या छातीला चांगली नाही, पाळणाऱ्याच्याही नाही.

उरलेलं पोतं तो फेकायला निघाला होता. त्याला म्हटलं, ठेव. पाऊस उघडला की पाखरं दुसरीकडं हलव आणि भिंतींना त्याचीच सफेदी दे. पूर्ण वाळून बरेच दिवस हवा लागली की त्याचा पुन्हा दगड होतो, मग भाजत नाही.

संध्याकाळी मी त्याच्या गच्चीवर गेलो. पेठेत सगळे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याचं बोलत होते, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ढाबळीत उभा राहून वर बघितलं तर पत्र्याच्या एका हुकाच्या भोकातून थेंब पडत होता. थोडं थांबून आणखी एक थेंब, दुसऱ्या हुकाशी. हुकांवरची डांबरी वॉशरं कधीच वाळून तडकली होती. ती वॉशरं माझ्याच दुकानात, दारातून आत आलं की डाव्या हाताच्या बरणीत असतात. ढाबळ ओली का राहते एवढं विचारलं असतं, तर तो चुना न घेताच गेला असता. फरशीचा उतारही आतल्या कोपऱ्याकडं होता, तिथंच सगळी ओल साचायची. झरोक्यांवरची पोती आम्ही दोघांनी मिळून काढली.

मादी जगली. एका पायाची दोन नखं गेली, उडते.

आठवड्यानं मी पोत्याचे पैसे काढून त्याच्यापुढं धरले. त्यानं घेतले नाहीत. "पैसं ऱ्हाऊ द्या काका, ती वॉशरं द्या मूठभर." मी मोजून सोळा दिली. त्या पत्र्याला सोळाच हूक आहेत.