ओलोंगापोचा एल्विस आणि आमच्या ग्रुपमधले काका

फिलिपिन्सच्या ट्रिपमधलं मनिला, विगान, तगायताय हे सगळं गुगलवर आहे, ते मी परत लिहीत बसत नाही. विगान छान, तगायतायला धुकं होतं, ज्वालामुखी दिसलाच नाही, संपलं. शाकाहारी असाल तर सोबत मेतकूट न्या, कारण तिकडे भाजी म्हणून मागवलेल्या भाजीतही डुकराचे तुकडे निघतात आणि वाढणारी मुलगी इतकं गोड 'सॉरी मॅम' म्हणते की धड भांडताही येत नाही.

लिहायचंय ते ओलोंगापोबद्दल. सूबिक उपसागरावरचं गाव, मनिलाहून बसने तीन-चार तास, बसमधला एसी असा की मावशीने शाल डोक्यावरून घेतली. अमेरिकन आरमाराचा प्रचंड तळ इथे १९९२ पर्यंत होता. गेटमधून बाहेर पडलं की एका घाण नाल्यावरचा पूल (खलाशांनी त्या नाल्याला ठेवलेलं नाव इथे लिहिण्यासारखं नाही) आणि पुढे मॅगसेसे ड्राइव्ह, हो, तेच ते पुरस्कारवाले मॅगसेसे. या रस्त्यावर एकेकाळी क्लबच क्लब होते आणि तिथे रोज रात्री बँड लागायचा.

आम्ही जेवायला गेलो तिथे बाहेर 'एल्विस नाईट' असा बोर्ड, म्हणजे अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांची रात्र. मी मनात म्हटलं झालं, आता कोणीतरी विग घालून कंबर हलवणार. आला तो साठी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं, अंगात उंच कॉलरचा पांढरा सूट, त्यावरचे मणी जिथे गळले होते तिथे शर्टाची साधी बटणं शिवलेली. कॉलर घामाने खराब होऊ नये म्हणून आतून पांढरा नॅपकिन खोचलेला, त्यावर लाल अक्षरात 'गुड मॉर्निंग' छापलेलं, तिथले जीपनीवाले (जीपनी म्हणजे तिकडची वडाप) वापरतात तसला. आणि मग तो गायला लागला. मावशीचा घास हातातच राहिला. म्हणाली, "अगं, हा तर शम्मी कपूर!" तिला कोण सांगणार की आपण शम्मी कपूरलाच एल्विस म्हणायचो.

आता आमच्या ग्रुपमधले काका. नाव नको. तिकडे कोणीही उठून माईक मागू शकतो, गाणं हा त्या लोकांचा राष्ट्रीय आजार आहे, त्यामुळे काका उठले. एल्विसचंच एक संथ गाणं घेतलं आणि पहिल्याच ओळीला आवाज फाटला. मी टेबलाखाली जायच्या तयारीत. पण माझी खुर्ची कडेला होती म्हणून मला दिसलं, त्या एल्विसवाल्या गायकाने हात पाठीमागे नेला आणि गिटारवाल्याला दोन बोटं खाली दाखवली. पुढच्या ओळीपर्यंत बँडने पट्टी उतरवलेली. कडव्यात काका ताल सोडून धावायला लागले तर बँड त्यांच्यामागे धावला, शब्द विसरले तर हा त्यांच्या कानाशी अर्धी मात्रा आधी शब्द पुटपुटत होता, आणि जिथे सूर लागत नव्हता तिथे हा खालून हळूच आपला आवाज लावून त्यांना उचलत होता. टाळ्या पडल्या. काका घाम पुसत येऊन बसले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं, सगळी कॉपीच तर आहे." इतका राग आला ना!

ब्रेकमध्ये मी त्या गायकाशी जाऊन बोललेच. तळाशेजारीच वाढलेला. १४ जानेवारी १९७३ ला एल्विसचा होनोलुलूचा कार्यक्रम सॅटेलाइटवरून आशियात लाईव्ह दाखवला, इकडे संध्याकाळ पडावी म्हणून तिकडे मध्यरात्री साडेबाराला ठेवलेला, तो याने शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघितला, आपल्याकडे रामायण बघायचे तसा. एल्विस स्वतः अमेरिका-कॅनडाच्या बाहेर कधी गायलाच नाही, म्हणून आशियाला आशियाचे एल्विस लागले. फिलिपिन्सचा पहिला मोठा एडी मेसा, १९५० च्या दशकाच्या शेवटी गाजलेला, पुढे तो धर्मप्रचारक झाला आणि पोरं-नातवंडं सिनेमात गेली. आमच्या गायकाचं पोट मात्र कायम एल्विसवरच. 'जिंगल' नावाच्या मासिकातून कॉर्ड उतरवायचे, रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकायची. त्यांच्यात 'प्लाकादो' म्हणजे हुबेहूब रेकॉर्डसारखं वाजवणं, आणि तसं आलं नाही तर क्लबवाला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचा. १९७७ ला एल्विस गेला आणि मागणी उलट वाढली.

मग १९९१. जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, गावावर राख, आणि सप्टेंबरमध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकन तळाचा करार फेटाळला. देशासाठी ते बरोबरच होतं, तो स्वतःही तसंच म्हणाला, पण पुढच्या वर्षी जहाजं गेली आणि गिऱ्हाईकही गेलं. मग जपानची हॉटेलं, मग बहारीन, कारण तिथे अमेरिकन आरमार, मग क्रूझ. लॉकडाऊनमध्ये स्वयंपाकघरात सूट घालून फेसबुक लाईव्ह केलं, लोकांनी फोनवरून टिप पाठवली. एवढ्या वर्षांत स्वतःचं एक गाणं रेकॉर्ड केलंत का विचारलं तर म्हणाला, केलं ना, बायकोला आवडलं.

आपल्याकडे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ मुकेश' असायचे त्यांनाही आपण असंच हसत आलोय. काकांसारख्या बेसुऱ्याला चारचौघांत सुरात आणून दाखवायचं आणि त्याला ते कळूही द्यायचं नाही, ही कॉपी असेल तर करून दाखवा म्हणावं.

दुसऱ्या सेटला त्याने मावशीच्या गळ्यात स्कार्फ घातला, एल्विस घालायचा तसा. मनिलाच्या दिविसोरिया बाजारातून डझनाच्या भावाने आणतो, त्यानेच सांगितलं. निघताना त्याने मलाच विचारलं, क्रूझवर बरोबर गोव्याची पोरं होती, ती म्हणायची डिसेंबरात तिकडे गायकांना काम असतं, खरं का? किती देतात? मी म्हटलं काम असतं, पण आमच्याकडे पैसे गायल्यावर मागावे लागतात. तो हसला, म्हणाला मग आमच्यासारखंच. तेवढ्यात आमचा टूरवाला बस सुटते म्हणून ओरडायला लागला, शेवटचा सेट राहिलाच, आणि बसमध्ये काका मोबाईलवर आपलाच व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होते, फुल व्हॉल्यूमवर.